न्याय, निकाल आणि निवाडा

(बुद्धविहारातील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानास मी कोणताही ग्रंथ विषय म्हणून घेतलेला नाही. आपल्या रोजच्या तोंडी असलेले चार-सहा शब्द घेतले आहेत. दोन पक्षांपैकी खरे कोणाचे आणि खोटे कोणाचे, हे ठरविण्याच्या क्रियेस मराठीत एकच नाव नाही. न्याय, निवाडा, निर्णय, निकाल, फैसला, इन्साफ अशी पुष्कळ नावे आहेत आणि आपण ती एकाच्या जागी दुसरे अशी सर्रास वापरीत असतो. पंडितांनी ती तशी वापरावी, त्यांचे काही बिघडत नाही. परंतु ज्या समाजाच्या वाट्यास शतकानुशतके निवाडा असा आलाच नाही, आला तो नुसता निकाल, त्या समाजाने तरी या शब्दांची गल्लत करू नये, असे माझे म्हणणे आहे.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण घडले. अलीकडे आपली तरुण मुलेमुली बोलता बोलता 'मला जज करू नका' असे म्हणतात. इंग्रजीतला न्यायाधीश मराठीत येऊन क्रियापद झाला! त्यांचा अर्थ असा की, मला न विचारता, माझी बाजू न ऐकता, माझ्याविषयी मत बनवू नका. या मागणीत खोटे काय आहे? शहरात भाड्याने खोली पाहावयास गेलेल्या आपल्या मुलास प्रथम नाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात, आणि तरीही शंका उरली तर गावात घर कोणत्या बाजूस आहे हे विचारतात. भाडे किती देणार, हा प्रश्न यावयाच्या आतच खोली दुसऱ्यास दिलेली असते. येथे काही एक ठरविले गेले, हे खरे. पण कोणत्या आरोपावर? कोणत्या पुराव्यावर? तेव्हा मुलांचा राग रास्त आहे. मात्र त्याच रागाच्या भरात ती पुढे असे म्हणू लागतात की, कोणी कोणाविषयी काही ठरवूच नये. तेथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे आणि तो का आहे, हे सांगण्यासाठी मला शब्दांच्या मुळाशी जावे लागेल.

न्याय हा या सर्वांत मानाचा शब्द. परंतु जुन्या वाङ्मयात त्याचे नाते प्रथमतः कज्जेदलालीशी नाही. न्याय म्हणजे रीत, नियम, विचार करण्याची पद्धत. अक्षपाद गौतमाचे न्यायदर्शन हे कायद्याचे शास्त्र नसून तर्काचे शास्त्र आहे. आजही आपण 'या न्यायाने पाहता' असे म्हणतो, तेव्हा आपल्या मनात कोर्ट नसते. काकतालीय न्याय, अंधगज न्याय हे तर दाखल्यांचेच प्रकार होत. (त्यांतील आंधळ्यांची आणि हत्तीची कथा पाली उदानातही आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) आणि याच मालिकेत मत्स्यन्याय बसतो. मोठ्या माशाने लहान माशास गिळावे, या स्थितीसही आपल्या भाषेने न्यायच म्हटले! कौटिल्याने तो शब्द राजदंड नसलेल्या समाजाच्या वर्णनासाठी वापरला आहे. म्हणजे न्याय या शब्दात केवळ 'असा नियम आहे' एवढेच सांगितलेले असते. तो नियम चांगला की वाईट, हे शब्द सांगत नाही. म्हणून 'गावाच्या रीतीप्रमाणे न्याय झाला' असे कोणी सांगितले म्हणजे आपण लगेच माना डोलावू नयेत. ती रीत कोणत्या माशाची, हे आधी विचारावे.

या शब्दाशी जोडलेली क्रियापदे तर अधिक बोलकी आहेत. न्याय मागणे, न्याय मिळणे, न्याय पदरात पडणे. ज्यांच्या घरच्या बायकांनी दारोदार फिरून शिळी भाकर आणली, त्यांना ही क्रियापदे ओळखीची वाटतील. मागणारा खाली उभा, देणारा ओट्यावर, असे चित्र त्यांत आहे. नटाने भूमिकेला न्याय दिला, पाहुण्यांनी जेवणाला न्याय दिला, हे अलीकडचे प्रयोग इंग्रजीच्या वळणावर गेलेले आहेत, त्यांचा येथे विचार नको. संविधानाच्या उद्देशिकेत न्यायाचे नाव स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्याही आधी येते. तेथे देणारे आणि घेणारे निरनिराळे नाहीत, दोन्ही ठिकाणी भारताचे लोकच आहेत. आपली बोलभाषा अद्याप त्या उद्देशिकेपर्यंत पोहोचलेली नाही.

आता निवाडा पाहा. हा शब्द निवडणे या क्रियापदावरून आला आणि त्याचे मूळ दरबारात नसून स्वयंपाकघरात आहे. आपल्या आयाबहिणी ताटात तांदूळ घेऊन निवडावयास बसतात, तेव्हा त्या काय करतात? उजेडाकडे तोंड करतात. मूठभर तांदूळ पसरतात. दाणा न् दाणा डोळ्यांखालून घालतात आणि खडा दिसला तर तो बाजूस काढतात. तांदूळ पाटलाच्या शेतातला म्हणून त्यातला खडा ठेवला आणि गरिबाच्या शेतातला म्हणून चांगला दाणाही फेकून दिला, असे कोणतीही शहाणी बाई करणार नाही; तसे केल्यास घासागणिक दाताखाली खडा येईल. निवाडा म्हणजे हीच क्रिया. ती करण्यास उजेड लागतो, वेळ लागतो आणि हातात प्रत्यक्ष जिन्नस लागतो. निवडणूक हा शब्दही याच घरचा आहे.

फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या अरबी शब्दांतही हाच अर्थ दडलेला आहे. फैसला या शब्दाच्या मुळाशी वेगळे करणे ही क्रिया आहे. वर्षाचे भाग पाडणारा फसल हा शब्द त्याचाच भाऊ. इन्साफ हा निस्फ म्हणजे अर्धा भाग या शब्दाशी जोडलेला आहे, दोन्ही पारडी सारखी धरणे असा त्याचा भाव. निर्णय मनुष्य एकट्याचाही घेतो; नोकरी सोडावी की नाही हा निर्णय होय, त्यास निवाडा कोणी म्हणणार नाही. निवाड्यास दोन पक्ष लागतात आणि त्या दोघांचेही ऐकणारा तिसरा लागतो.

उरला निकाल. निकालणे म्हणजे बाहेर काढणे. शाळेचा निकाल लागतो, कचेरीत कागद निकाली निघतो, आणि भांडखोर मनुष्य 'तुझा निकाल लावतो' अशी धमकीही देतो. या तिन्ही ठिकाणी शब्दाचा रोख एकच आहे, की प्रकरण संपले. ते नीट तपासून संपले की न तपासता संपले, याची निकाल या शब्दास पर्वा नाही. निवाडा झाला म्हणजे निकाल लागतोच. परंतु निकाल लागला म्हणजे निवाडा झालाच असे नाही. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा भार या एका भेदावर आहे.

जुन्या मराठी राज्यात तंटा पडला म्हणजे गोत बसे, महजर होई, साक्षी घेतल्या जात. जिंकणाऱ्याकडून हरकी घेत आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. पुराव्याने भागले नाही तर दिव्य करावे लागे. कढत तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढावयाचा आणि हात भाजला की नाही यावर खरेखोटे ठरवावयाचे. ही निवड नव्हे, हे सांगावयास नको. तथापि एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या महजरांवर बलुतेदारांच्या नावांत महाराचेही नाव आढळते. दोन गावांत शिवेचा तंटा लागला तर महाराची साक्ष मोलाची मानीत, कारण शीव त्याच्याइतकी कोणाच्या पायाखालची नव्हती. ज्याच्या शब्दावर शेकडो बिघे जमीन या गावची की त्या गावची हे ठरावयाचे, त्यास ते ठरत असताना चावडीच्या ओट्यावर बसता येत नव्हते. त्याची साक्ष चाले, त्याचा स्पर्श चालत नसे. रामशास्त्र्यांनी राघोबादादास देहान्त प्रायश्चित्त सांगितले म्हणून मराठीत 'रामशास्त्री बाणा' हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि बलाढ्याविरुद्ध निवाडा करण्याचे धैर्य म्हणून तो रूढ व्हावा हे योग्यच आहे. परंतु वेशीबाहेरच्या मनुष्याचे गाऱ्हाणे बसून ऐकणाऱ्याच्या नावाने एकही म्हण या भाषेत नाही.

याचे मूळ शोधावयाचे तर मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडावा. राजाने न्यायदान कसे करावे हाच त्या अध्यायाचा विषय आहे. तेथे सांगितले आहे की केवळ जातीने ब्राह्मण असलेला, मग तो विद्याहीन का असेना, राजासाठी धर्मनिर्णय सांगू शकेल. शूद्राने मात्र कधीही सांगू नये. त्याच अध्यायात शिवीगाळीचे दर आहेत. क्षत्रियाने ब्राह्मणास दुरुत्तर केले तर शंभर पण दंड. शूद्राने केले तर शरीरदंड. ब्राह्मणाने क्षत्रियास केले तर पन्नास पण, वैश्यास केले तर पंचवीस, शूद्रास केले तर बारा. शिवी तीच, तोंडही माणसाचेच, पण दंड ठरविताना पाहावयाचे काय, तर कोण कोणास बोलला. तांदळात खडा आहे की नाही हे न पाहता पोत्यावरचे नाव वाचण्याचा हा प्रकार आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे हा ग्रंथ जाळण्यात आला, तेव्हा पुष्कळांना तो केवळ संतापाचा उद्रेक वाटला. वस्तुतः जो ग्रंथ निवाड्याच्या नावाखाली निवाडाच अशक्य करून ठेवतो, त्याविरुद्धचा तो निवाडा होता.

याच्या उलट आपल्या परंपरेतील एक प्रकरण सांगतो. ते जातक अट्ठकथेत, निग्रोधमिग जातकाच्या प्रास्ताविकात आहे. राजगृहाच्या एका धनिकाच्या कन्येस लहानपणापासून प्रव्रज्या घेण्याची इच्छा होती. आईबापांनी ती मानली नाही, तिचे लग्न लावून दिले. पुढे पतीच्या संमतीने ती भिक्षुणी झाली, परंतु देवदत्ताच्या पक्षातील भिक्षुणींत गेली. आपण गरोदर आहोत हे तिला त्या वेळी ठाऊक नव्हते. काही दिवसांनी गर्भाची लक्षणे दिसू लागली. भिक्षुणींनी तिला देवदत्तापुढे नेले. देवदत्ताने काय विचारले? काहीच नाही. आपल्या पक्षाची भिक्षुणी गरोदर निघाली तर लोक आपल्यालाच नावे ठेवतील, एवढेच त्याच्या मनात आले आणि त्याने तिला हाकलून देण्यास सांगितले. प्रकरण निकाली निघाले.

त्या स्त्रीने हट्ट धरला की मला तथागतांकडे न्या. राजगृहाहून श्रावस्तीचा लांबचा रस्ता चालून ती जेतवनात आली. तिची निर्दोषता तथागतांच्या ध्यानात आली होती, असे अट्ठकथाकार म्हणतो. तरी त्यांनी आपल्या शब्दाने तिला मोकळी केली नाही. राजा पसेनदीस, अनाथपिंडिकास आणि विशाखेस बोलावणे पाठविले, आणि सर्व परिषदेसमक्ष हे काम उपालीवर सोपविले. उपाली म्हणजे कोण, हे आपणांस ठाऊक आहे. तो जन्माने न्हावी. विनय जाणणाऱ्यांत त्यास अग्रस्थान मिळाले आणि तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत विनयाचे प्रश्न त्यालाच विचारले गेले. उपालीने विशाखेस पुढे बोलाविले आणि सांगितले की, ही अमुक महिन्यात अमुक दिवशी प्रव्रजित झाली. गर्भ त्याआधीचा की नंतरचा, हे तू पाहा. विशाखेने कनात लावून घेतली, आत तिचे हात, पाय, बेंबी, पोट तपासले, महिने आणि दिवस मोजले आणि बाहेर येऊन सांगितले की गर्भ गृहस्थाश्रमातील आहे. तेव्हा उपालीने त्या स्त्रीस सर्वांसमक्ष शुद्ध ठरविले. तिला पुढे जो मुलगा झाला तो कुमारकस्सप.

या प्रकरणात किती गोष्टी आहेत! आरोपी हजर आहे. प्रश्न नेमका आहे. ज्या विषयातले ज्याला कळते त्याची, म्हणजे एका स्त्रीची, साक्ष घेतली आहे. झाकावयाचे तेवढे कनातीआड झाकले आहे आणि सांगावयाचे ते उघड सांगितले आहे. न्यायासनावर न्हाव्याचा मुलगा आणि श्रोत्यांत कोसलचा राजा. पाली भाषेत निवाड्यास विनिच्छय म्हणतात. धम्मपदाच्या धम्मट्ठवग्गात, म्हणजे एकोणिसाव्या वर्गात, आरंभीच सांगितले आहे की घाईने ठरविणारा धर्मस्थ होत नाही. अट्ठकथेप्रमाणे त्या उपदेशास कारण झाले ते श्रावस्तीच्या न्यायसभेत लाच घेऊन दुसऱ्याची मालमत्ता बुडविणारे अधिकारी. लाच आणि घाई यांना तेथे एकाच पंगतीस बसविले आहे, याची आजच्या कचेऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता आपल्या काळाकडे येऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात काही सवर्ण मंडळींनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. १९३१ साली खालच्या कोर्टात दावा फेटाळला गेला, १९३३ साली ठाण्याचे अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात ब्रूमफील्ड आणि वाडिया या न्यायमूर्तींनी अखेरचा निकाल दिला. (हे ब्रूमफील्ड तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सांगितली होती.) ओंजळभर पाण्याचा निकाल लागण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. तरी तो आपल्या बाजूने लागला आणि त्याचा आनंद रास्तच होता. परंतु तो कशावर लागला, हे पाहिले पाहिजे. अनादिकालापासून हे तळे केवळ स्पृश्यांच्या वापरात आहे, अशी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. रूढी सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य म्हणून मोडावी की नाही, या प्रश्नात कोर्टास शिरावेच लागले नाही. दावा निकाली निघाला, मुख्य प्रश्न ताटात तसाच राहिला. त्या प्रश्नाचा निवाडा २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने झाला. रूढी कितीही जुनी असो, अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे त्याने सांगितले.

मग पुढे काय झाले? भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. त्या आईने आणि मुलीने एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांपुढे साक्ष दिली होती. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांस दोषी धरले, सहा जणांस फाशी सांगितली. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांच्या कैदेची शिक्षा केली. दोन्ही कोर्टांनी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे मानले. ही हत्या साक्ष दिल्याच्या सूडाने झाली, जातीमुळे नव्हे, असे ठरले. खून झाला हे ठरले, खुनी कोण हे ठरले, शिक्षाही झाली. पण एका बौद्ध स्त्रीने पोलिसांपुढे तोंड उघडले, ही गोष्ट त्या गावास इतकी असह्य का झाली? बरोबरीच्या घरातील स्त्रीने तीच साक्ष दिली असती तर जमाव तसाच घरावर चालून गेला असता काय? शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष हवी असे, कारण ती दोन मालकांच्या कामाची होती. येथे साक्ष स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची होती आणि ती मालकांच्या विरुद्ध जात होती. सूड आणि जात हे दोन निराळे खडे आहेत असे समजून एक उचलला आणि दुसरा राहू दिला, हे मला पटलेले नाही. कोर्टाच्या निकालाचा मान राखूनही असे म्हणता येते.

खेड्यांत याहून निराळा शब्द ऐकू येतो. तो म्हणजे मिटवणे. मुलास विहिरीवर मारले, पोरीची छेड काढली, वरात अडविली, की संध्याकाळी चार वजनदार मंडळी वस्तीत येतात आणि सांगतात, 'गावात राहायचं आहे ना? मग मिटवून घ्या.' फिर्याद परत घेतली जाते, साक्षीदार फिरतात. जो मिटवून घेत नाही त्याचे किराणा दुकान बंद होते, दळण बंद होते, मजुरी बंद होते. अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आहे; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. पण वाळीत टाकले असे लिहून देणारा दुकानदार मिळत नाही. माल संपला आहे, एवढेच तो सांगतो.

आता 'जज करू नका' म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनी मला सांगावे: कोणी कोणाविषयी काही ठरवूच नये, हे त्या चार वजनदार मंडळींस ऐकविले तर ती किती खूष होतील! त्यांचेही म्हणणे तेच आहे, की झाले गेले, कोण बरोबर आणि कोण चूक याच्यात पडू नका. देवदत्तावर रागवावयाचे ते त्याने ठरविले म्हणून नव्हे, त्याने न विचारता ठरविले म्हणून. उपालीनेही ठरविलेच. तो ठरविणार नाही म्हणून हात जोडून बसला असता, तर त्या स्त्रीस कायमचे रस्त्यावर राहावे लागले असते.

आपल्या घरचेही एक बोलले पाहिजे. आपल्या विहारांच्या कमिट्यांत हिशोबाचा वाद निघाला, की बैठकीत कोणी बोलत नाही. बैठक सुटल्यावर चहाच्या टपरीवर सर्व बोलतात. ज्याच्यावर आरोप आहे त्यास तो शेवटी कळतो. मग एका विहाराच्या दोन कमिट्या होतात आणि एका जयंतीच्या दोन मिरवणुका. विनयात तंट्यास अधिकरण म्हणतात आणि ते शमविण्याचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिलाच सम्मुखाविनय आहे: ज्याचे प्रकरण त्याच्या समक्ष, संघाच्या समक्ष. आणखी एका प्रकारात शलाका वाटून बहुमत घेतात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी बौद्ध संघाच्या ज्या सभापद्धतीचा उल्लेख केला, ती हीच. पुढच्या बैठकीत वही टेबलावर उघडी ठेवावी, पावत्या शेजारी ठेवाव्यात आणि खजिनदारास समोर बसवून विचारावे. यास धैर्य फारसे लागत नाही, टपरीवर न जाण्याचा संयम लागतो.

त्या सातांपैकी शेवटचा प्रकार तिणवत्थारक. घाणीवर गवत अंथरावे तसे भांडणावर गवत अंथरून टाकणे, असा शब्दार्थ. म्हणजे मिटवणे ही गोष्ट विनयासही ठाऊक होती. पण ती कोठे चालते, हे तेथे स्पष्ट केले आहे. दोन्ही पक्षांनी भांडताना एकमेकांचे अपराध केलेले असावेत आणि उकरत बसल्यास कलहच वाढेल अशी स्थिती असावी. मग दोन्ही पक्षांनी संघापुढे आपापले दोष मान्य करावयाचे आणि दोघांनी मिळून गवत अंथरावयाचे. त्यातही दोन अपवाद आहेत. जड अपराध या रीतीने झाकता येत नाहीत, आणि गृहस्थांशी संबंध असलेले अपराधही झाकता येत नाहीत. संघाबाहेरच्या मनुष्याचे नुकसान संघाने आपसात मिटवून टाकावयाचे नाही. संध्याकाळी वस्तीत येणाऱ्या मंडळींस हे दोन अपवाद वाचून दाखवावेत, आणि गवताचा दुसरा भारा त्यांनी बरोबर आणला आहे काय, हेही विचारावे.